पेडणेकरांचं वरचं सभागृह

प्रिय अन्वी आणि मिहिर,

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं की पुढच्या वर्षापासून मी कुठे राहायचं हे ती आणि तुमचा मामा मिळून ठरवताहेत. दोघंही हे माझ्या काळजीपोटीच करताहेत, म्हणून मी मध्ये बोलले नाही. फोन ठेवला आणि मला पेडणेकर आठवले. त्यांच्याबद्दल तुम्हाला आत्ताच लिहून ठेवावं असं वाटलं, नंतर कंटाळा वाढत जातो. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा. तिचंही वाचून होईल.

पेडणेकर तुम्हाला आठवतील. तुम्ही टोरांटोहून नाताळच्या सुट्टीत इथे, वेलिंग्टनजवळ पोरिरुआला आला होतात, तेव्हा आपल्याकडे जेवायला आलेले, इथल्या ऐन उन्हाळ्यात टाय लावून बसलेले आजोबा. त्यांना पोळी हवी असली तरी ते ती मागत नसत. "आणखी एक पोळी वाढण्यात यावी असा मी ठराव मांडतो," असं म्हणून थांबत, आणि कुणी अनुमोदन देईपर्यंत हात पुढे करत नसत. तुमचा मामा कधी अनुमोदन देत नसे, कारण त्याचं तोंड भरलेलं असे. त्या दिवशी मिहिर टेबलाखालून "सेकंडेड" म्हणून ओरडला. पेडणेकरांनी खाली वाकून त्याचे रीतसर आभार मानले, त्यावर मिहिरने उरलेलं जेवण टेबलाखालीच उरकलं.

पेडणेकर मूळचे डोंबिवलीचे. उभी नोकरी एका नगरपालिकेच्या चिटणीस विभागात झाली. सभागृहाच्या कोपऱ्यात बसायचं, नगरसेवक काय बोलतात ते लिहून घ्यायचं, आणि स्वतः एक शब्द बोलायचा नाही. अशी तीस-पस्तीस वर्षं माणूस गप्प बसला की निवृत्तीनंतर काय होतं ते आम्ही पाहिलं.

बायको गेल्यावर मुलगा संदीप त्यांना इकडे घेऊन आला. संदीप कंपनीत संगणकाचं काम करतो, सून फार्मासिस्ट आहे. दोघं दिवसभर बाहेर. संध्याकाळी ती घरी आली की पेडणेकर बोलायला उभे राहत. आता सभेत बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, हा नियम. आणि घरात अध्यक्ष नव्हता. मग त्यांनी फ्रीजला अध्यक्ष केलं.

"अध्यक्षमहाराज, सन्माननीय सूनबाईंनी हीटर बंद केला आहे, याकडे मी आपलं लक्ष वेधू इच्छितो."

सून दिवसभर काउंटरमागे उभी राहून आलेली. ती चहाचं भांडं विसळत म्हणायची, "अध्यक्षमहाराज, बाबांना सांगा, स्वेटर घाला."

हे असं चाललं होतं, आणि चाललं असतं. पण एका शनिवारी संदीपने आम्हा चार-पाच ज्येष्ठांना वेलिंग्टनला संसद दाखवायला नेलं. तिथे गाइडचं काम करणारी एक मुलगी होती. तिने किआ ओरा म्हणून आमचं स्वागत केलं आणि आम्हाला एका मोठ्या देखण्या दालनात नेलं. हे लेजिस्लेटिव्ह काउन्सिलचं दालन, ती म्हणाली. म्हणजे आपल्याकडच्या विधान परिषदेसारखं वरचं सभागृह. पेडणेकरांनी विचारलं, सभासद आज सुट्टीवर आहेत का. ती म्हणाली, सभासद नाहीतच, पन्नासेक वर्षं झाली. आता फक्त उद्घाटनाच्या समारंभाला हे दालन वापरतात. पेडणेकरांनी विचारलं, मग ते गेले कुठे. ती हसून म्हणाली, त्यांनी स्वतःच मतदान करून स्वतःला बंद केलं.

पेडणेकरांनी टायची गाठ सैल केली. त्यांना मी ती सैल करताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पुढची कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की भाजी चिरता चिरता सांगू शकते. इंग्रजांनी इथे वसाहत केली तेव्हा हे वरचं सभागृह निघालं. त्याचे सभासद कुणी निवडून देत नसे, गव्हर्नर नेमत असे, आणि तेही तहहयात. सभासद म्हातारे होत, सभेत झोपत, पण खुर्ची सोडत नसत. मग सुधारणा झाली, मुदत सात वर्षांवर आली. तेव्हा प्रत्येक सरकार आपापली माणसं भरू लागलं. मग आणखी सुधारणा झाली: सभासद लोकांनी निवडून द्यायचे, असा कायदाच झाला. तो अमलात आणायचं पुढे ढकललं, पुन्हा पुढे ढकललं, आणि विसरून गेले. शेवटी एका सरकारने त्यात अशी माणसं नेमली, ज्यांनी आत येतानाच कबूल केलं होतं की आम्ही हे बंद करायला मत देऊ. त्यांनी दिलं.

"मुद्दा सभासदत्वाचा होता, वहिनी," पेडणेकर मला म्हणायचे. "दुखणं सभासदत्वाचं, आणि यांनी सभागृहच पुरलं."

हा मुद्दा ते कुठेही काढत. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना ते गल्ल्यावरच्या मुलाला नेमणुकीची पद्धत कशी चुकली ते सांगत. तो मुलगा "स्वीट ॲज, अंकल", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून सुटे परत करी. पेडणेकरांना ते अनुमोदन वाटे. रक्ततपासणीला गेले तर सुई टोचणाऱ्या नर्सला नुसती सात वर्षांची मुदत घालणं का अपुरं होतं ते सांगत. ती म्हणे, मूठ घट्ट धरा. एकदा सगळे समुद्रावर गेलो होतो. पोरं पाण्यात, बायका सँडविचमधली वाळू झटकताहेत, आणि पेडणेकर वर टाय, खाली जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा वेषात एका अनोळखी माणसाच्या कुत्र्याला धरून उभे. मालक पोहायला गेला होता. कुत्र्याचा पट्टा पेडणेकरांच्या हातात असल्यामुळे त्याने पूर्ण ऐकलं.

मी दमून जायची. सगळेच दमायचे. संदीप तर वडील बोलायला लागले की खिशातून गाडीची किल्ली काढायचा, जायचं नसलं तरी.

आता आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगते. मंडळ चालवायचं काम तरुणांच्या कार्यकारिणीकडे. त्यांची चिटणीस केतकी, इथल्या इस्पितळात डॉक्टर. पण कधीतरी कुणालातरी वाटलं की इकडे आलेल्या आईवडलांसाठी काहीतरी हवं, म्हणून एक ज्येष्ठ समिती केली. कार्यक्रम ठरला की तो आधी ज्येष्ठ समितीने मंजूर करायचा, असा नियम घातला. तो मान देण्यापुरता होता. महिन्यातून एका शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये समितीची बैठक व्हायची. चहा, चकल्या, गुडघेदुखी, आणि कार्यकारिणीने जे पाठवलं असेल त्याला मंजुरी.

सभासद व्हायची पद्धत अशी होती की कुणाचे आईवडील विमानतळावर उतरले की मुलगा मंडळाला ईमेल टाकायचा, आई-बाबांना समितीत घाला. झाले सभासद, तहहयात. कित्येकांना आपण सभासद आहोत हे ठाऊकच नव्हतं. मिसेस बापट नाशिकला परत गेल्या होत्या, तरी गणसंख्येत त्या धरलेल्या असत. एक गृहस्थ दर बैठकीला येत आणि वर्षभराने त्यांनी मला विचारलं की हे कुणाचं डोहाळजेवण चालू आहे.

पेडणेकरांना हे कळलं त्या दिवशी ते आपल्याकडे आले. चहाचा कप त्यांनी बाजूला सरकवला. म्हणाले, "वहिनी, तेच. तंतोतंत तेच."

त्या वर्षी गणपतीवरून बिनसलं. कार्यकारिणीने ठरवलं, गणपती चतुर्थीला न बसवता पुढच्या शनिवारी बसवायचा, कारण चतुर्थी आली होती कामाच्या दिवशी. दरवर्षी समिती हे मुकाट्याने मंजूर करायची. पेडणेकर आता बैठकांत नियम वाचून दाखवू लागले होते. त्यांनी सांगितलं की मंजूर करणं म्हणजे नामंजूर करता येणंही आलं. ज्येष्ठांना हे नवीन होतं. त्यांनी लगेच नामंजूर करून पाहिलं. तारखेचा घोळ झाला, हॉल हातचा गेला, आणि गणपती शेवटी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बसला. बाप्पाच्या मागे गवत कापायचं यंत्र होतं.

कार्यकारिणी वैतागली. केतकीने सर्वांना ईमेल पाठवली की ज्येष्ठांबद्दल हीप्स ऑफ रिस्पेक्ट आहे, पण समिती बरखास्त करावी, असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येईल. नियम मात्र असा होता की समिती बरखास्त करायची तर समितीचीच संमती लागे. म्हणजे सभासदांनी स्वतःच मत देऊन स्वतःला बंद करायचं.

पेडणेकरांनी ती ईमेल छापून घेतली आणि मला आणून दाखवली. त्यांच्या महिन्यात समितीच्या बैठकीचा तो एकच दिवस असा होता की ते बोलत तेव्हा समोर माणसं असत. तो जाणार होता. पण ते म्हणाले एवढंच, "मोडायचं नाही. सुधारायचं."

त्यांची सुधारणा एका वाक्याची होती. ज्याला समोरासमोर विचारलं आहे आणि ज्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं आहे, तोच सभासद. मुलांनी नाव देणं बाद. हा नियम सभेत मांडायचा, पण त्याआधी सगळ्या सभासदांना विचारून ठेवायचं, म्हणजे नियम होताच समिती तयार. विचारायला दोघांनी जायचं, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने साक्षी राहायचं. साक्षीला मी. मी नाही म्हणत होते, कारण पोरिरुआचा वारा तुम्हाला माहीत आहे. पण त्यांनी सर्वांत आधी मलाच माझ्या दारात उभं राहून विचारलं होतं, आणि मी हो म्हणून बसले होते.

आम्ही बसने हिंडलो. बसथांब्यावरून टेकडी चढायची, बेल वाजवायची. टाय वाऱ्याने पेडणेकरांच्या खांद्यावरून मागे जायचा. तो पुढे आणून ते म्हणायचे, "ज्येष्ठ समितीचे सभासद होण्याची आपली इच्छा आहे काय?"

पुष्कळांनी मागे वळून पाहिलं, उत्तर द्यायला घरात कुणी आहे का म्हणून. दुपारी घरात कुणी नसायचं. एक आजोबा म्हणाले, संदेश ठेवा, मुलगा सहाला येतो. पेडणेकर म्हणाले, मुलाला नाही, आपल्याला विचारतोय. आजोबा बराच वेळ दाराची कडी चाळवत राहिले, मग आम्हाला आत घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला. साखर कुठे असते ते मात्र त्यांना सापडलं नाही.

शकुंतलाबाईंनी दारच उघडलं नाही. काचेपलीकडून म्हणाल्या, आम्ही हिंदू आहोत, आम्हाला धर्म बदलायचा नाही. मुलाने बजावलं होतं, दार वाजवून पुस्तकं देणारे येतात, उघडू नकोस. पेडणेकरांनी काचेला तोंड लावून पूर्ण प्रश्न विचारला. मग दार चार बोटं उघडलं.

"मुलाला विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

"तेच करता येत नाही," पेडणेकर म्हणाले. "आपण काय म्हणता ते हवंय."

"मी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या की इकडे आल्यापासून त्यांना एवढंच विचारलं गेलं होतं की चहात साखर घालू का, तेही मधुमेह निघेपर्यंत. तिकीट, खोली, चष्मा, सगळं ठरवून हातात आलं. छान आलं, त्या म्हणाल्या, मुलगा गुणी आहे. मग बोलणं थांबवून त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा पायांत चपला होत्या. बैठक आज नाही, शनिवारी आहे, हे समजावून सांगायला आम्हाला वेळ लागला.

त्या हो म्हणाल्या. काहींनी नाही म्हटलं, आणि तेही त्यांनी फार आनंदाने म्हटलं. परतताना मी पेडणेकरांना म्हटलं, तुम्ही निष्कारण माणसं कमी करताय. ते म्हणाले, "नाही म्हणणाऱ्यांमुळेच तर 'हो'ला वजन येतं, वहिनी." माझे पाय दुखत होते, मी वाद घातला नाही.

सर्वसाधारण सभा हॉलमध्ये भरली. तिथे सकाळी लहान मुलांची शाळा भरते, त्यामुळे अर्ध्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. अध्यक्ष कामासाठी ऑकलंडला गेलेले, म्हणून केतकीच सभा चालवत होती; रात्रपाळी करून आली होती. संदीप लॅपटॉपवरून ठराव भिंतीवर दाखवत होता.

पेडणेकरांचा नियम आधी आला. तरुणांना त्यात काही धोका दिसला नाही. एकमताने मंजूर. पेडणेकर उभे राहिले, आभार मानले, बसले. मग बरखास्तीचा ठराव आला. समितीच्या सभासदांनी हात वर करायचे होते. आमच्या मागच्याच रांगेत मुलं बसली होती. कुणी आईच्या खांद्यावर हात ठेवला होता, प्रेमानेच. काही हात बरखास्तीच्या बाजूने वर गेले. काही विरुद्ध गेले. शकुंतलाबाईंचा सर्वांत आधी आणि दोन्ही हात, त्यातला एक खाली घ्यायला सांगावं लागलं. केतकीने मोजले. समसमान.

पेडणेकरांचा हात वर नव्हता. दोन्ही वेळा नव्हता. आम्हाला वाटलं, त्यांना झोप लागली.

"काका, तुमचं मत राहिलं," केतकी म्हणाली.

पेडणेकर उभे राहिले. "मला मताधिकार नाही. मघाशी मंजूर झालेल्या नियमाप्रमाणे मी सभासद नाही. मला कुणी विचारलेलं नाही. माझं नाव चिरंजीवांनी ईमेलने कळवलं होतं."

सभेत हशा पिकला. घरोघर फिरून सगळ्यांना विचारलं, आणि स्वतःला विचारायला कुणाला सांगायचं विसरले. मीही हसले. साक्षी म्हणून मी दारोदार हिंडले, पण त्यांना विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

केतकी म्हणाली, "मग मी आत्ता विचारते ना, काका. व्हायचंय का सभासद?"

"मतदान सुरू असताना सभासद वाढवायचे नसतात," पेडणेकर म्हणाले. "त्या वरच्या सभागृहात तेच केलं होतं."

म्हणजे एका 'हो'ने त्यांची समिती वाचत होती, आणि त्यांनी तो म्हटला नाही. समसमान झाल्यावर सभा चालवणाऱ्याचं जादा मत. केतकीने ते बरखास्तीच्या बाजूने दिलं. हात खांद्याच्या वर गेला नाही तिचा. ठराव मंजूर झाला. पेडणेकर अजून उभेच होते. मग हळूच, नेहमीच्या सभेच्या आवाजात नाही, ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नव्हतं." आणि बसले.

कुणी हसलं नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्यांची बायको गेली तेव्हा संदीप धावत डोंबिवलीला गेला होता. रजा संपत आली होती, म्हणून तेरावा झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने घर विकलं, भांडी वाटून टाकली, वडलांचं तिकीट काढलं. संदीपचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. सगळे तेच करतात.

संदीपने लॅपटॉप मिटला. भिंतीवरचा ठराव गेला. तो येऊन वडलांशेजारच्या त्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीपाशी.

"बाबा, तुम्हाला इथे राहायचंय का?"

पेडणेकरांनी चष्मा पुसला. "या विषयाची पूर्वसूचना नव्हती," ते म्हणाले.

"मग आज देतो."

"एकवीस दिवस लागतात."

"घ्या," संदीप म्हणाला. या वेळी त्याने किल्ली काढली नाही.

ते तीन आठवडे पेडणेकर कमी बोलले. डेअरीतल्या मुलाने मला विचारलं, अंकल बरे आहेत ना. मला खात्री होती की ते डोंबिवलीला जातो म्हणणार. तिथे घर उरलं नव्हतं, पण माणूस म्हणू शकतो. मुदत भरली त्या दिवशी संदीप बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होता, तेव्हा ते मागे गेले आणि चिमट्यांची टोपली धरून उभे राहिले. त्यांनी सांगितलं की उत्तर होकारार्थी आहे, पण तहहयात नाही. एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागेल. हे मला संदीपनेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मी त्याला चहा करायला लावलं.

समिती संपली. शनिवारी त्या हॉलमध्ये आता योगासनं चालतात. ज्येष्ठांची मंजुरी कुणी मागत नाही, गणपती शनिवारीच बसतो. पेडणेकर थकले आहेत, ऐकू कमी येतं, लेजिस्लेटिव्ह काउन्सिलबद्दल सांगायला लागले तर मध्येच कुठे होतो ते विसरतात आणि मी त्यांना आठवण करून देते.

मंडळात नवीन कुणाचे आईवडील आले की दोघं जण दुपारच्या वेळी त्यांच्या दारी जातात आणि त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारतात. केतकी सुट्टीच्या दिवशी जाते, सोबत शकुंतलाबाई असतात. आणि संदीप दरवर्षी वडलांना विचारतो. आतापर्यंत उत्तर हो आलं आहे.

तुमची,
आजी